छप्पर कोणाचे, ताप कोणाला? : केबिन रोडवरील व्यापारी इमारतींची औष्णिक सुधारणा

आधीच उभ्या असलेल्या इमारतीत बाहेरची उष्णता कमी शिरावी, आत निर्माण होणारी उष्णता लवकर बाहेर पडावी आणि हे साधताना विजेचा खर्च वाढण्याऐवजी घटावा, या हेतूने तिच्या छपरात, भिंतींत, खिडक्यांत आणि हवेच्या वाटांत जे बदल केले जातात, त्यांना या व्याख्यानात ‘औष्णिक सुधारणा’ असे म्हटले आहे. हा विषय वास्तुशास्त्राच्या वर्गात आणि काचेच्या उंच कार्यालयांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला जातो. परंतु ज्या इमारतींत माणसे दिवसाचे दहा-बारा तास उभ्याने काम करतात, त्या लहान औद्योगिक गाळ्यांच्या, दुकानांच्या आणि दुमजली-तिमजली व्यापारी इमारतींच्या संदर्भात तो क्वचितच मांडला जातो. भाईंदर पूर्वेचा केबिन रोड हा अशाच इमारतींचा परिसर असल्यामुळे येथे तो विवेचनाचा आधार म्हणून घेतला आहे. प्रतिपादन असे आहे की, कोकण किनाऱ्यावरील अशा वस्तीत औष्णिक सुधारणेचा आरंभ वातानुकूलन यंत्रापासून न होता छपरापासून झाला पाहिजे; आणि छप्पर हे सर्व गाळेधारकांच्या सामायिक मालकीचे असल्यामुळे त्याचा ताप कमी करणे हे वरच्या मजल्यावरच्या एखाद्या गाळेधारकाचे खासगी काम न राहता संपूर्ण संस्थेच्या देखभालीचे नित्य कर्तव्य ठरले पाहिजे.

१. संहितेआधी उभे राहिलेले शहर

मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि २००२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर गेली. मिठागरे, खाजणे आणि भातशेती यांच्या शेजारी वसलेल्या गावांचे एका पिढीच्या अवधीत दाट शहर झाले आणि मुंबईतल्या जागेच्या किमती न परवडणारे लहान कारखानदार व व्यापारी येथे स्थिरावले. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा व्यवसाय ही भाईंदरची विशेष ओळख झाली. केबिन रोडच्या परिसरात आजही निवासी सोसायट्या, त्यांच्या तळमजल्यावरची दुकाने आणि औद्योगिक वसाहतींतले गाळे एकमेकांना लागून आहेत, आणि एकाच रस्त्यावर पत्र्याची, सिमेंटच्या पत्र्याची आणि काँक्रीटच्या स्लॅबची छपरे शेजारी-शेजारी तापताना दिसतात.

या वाढीचा बराच भाग ज्या काळात झाला, त्या काळात इमारतीच्या औष्णिक गुणवत्तेविषयी देशात स्वतंत्र ऊर्जा संहिता नव्हती. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली झाला, त्या आधारे व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मे २००७मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१७ साली तिची सुधारित आवृत्ती आली. ही संहिता मुख्यतः नव्या इमारतींसाठी आहे. शिवाय ज्या इमारतीचा जोडलेला वीजभार १०० किलोवॅट किंवा करारातील मागणी १२० केव्हीए यांहून कमी आहे, ती इमारत तिच्या कक्षेत येतच नाही. परिणामी संहितेपूर्वी बांधलेला, स्वतंत्र वीजमीटर असलेला आणि थोड्या यंत्रांवर चालणारा गाळा दोन्ही बाजूंनी नियमाबाहेर राहतो. नव्या इमारती कितीही चांगल्या बांधल्या, तरी आज काम करणारी माणसे आज उभ्या असलेल्या इमारतींतच काम करीत राहणार आहेत, आणि म्हणून जुन्या इमारतींची सुधारणा हा या विषयाचा गाभा आहे.

२. उष्णता कोणत्या वाटेने येते

उष्णता तीन प्रकारे प्रवास करते. घन पदार्थातून एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे होणाऱ्या तिच्या प्रवासाला वहन म्हणतात, हवेच्या किंवा पाण्याच्या हालचालीबरोबर होणाऱ्या प्रवासाला अभिसरण म्हणतात, आणि तापलेल्या पृष्ठभागापासून मधल्या हवेला न जुमानता थेट होणाऱ्या फेकीला प्रारण म्हणतात. इमारतीत या तिन्ही क्रिया एकाच वेळी चालतात: ऊन प्रारणाने छपरावर पडते, त्याची उष्णता छपराच्या जाडीतून वहनाने खाली उतरते, आणि छपराचा तापलेला तळ काही उष्णता खोलीतल्या हवेला देतो व बाकीची प्रारणाने माणसांच्या डोक्या-खांद्यांवर टाकतो.

यात छपराला अग्रक्रम का द्यायचा, याचे उत्तर भूगोलात आहे. भाईंदर सुमारे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. यालाच शून्य सावली दिवस म्हणून आता शाळांतील मुलेही ओळखतात. निरभ्र आकाशात अशा वेळी आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी सौरशक्ती पडते, तर त्याच वेळी उभ्या भिंतींवर थेट ऊन जवळजवळ पडत नाही. पूर्वेच्या भिंतीला सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीला उतरत्या दुपारी ऊन लागते हे खरे असले, तरी दाट वस्तीत शेजारची इमारत भिंतीवर सावली धरते. छपराला मात्र तसे कोणीही झाकत नाही. त्यामुळे बैठ्या आणि एक-दोन मजली इमारतींत, आणि उंच इमारतींच्या शेवटच्या मजल्यावर, बाहेरून येणाऱ्या उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा छपराचा असतो.

३. स्लॅबचा हिशोब

एखाद्या छपरातून किंवा भिंतीतून उष्णता किती सहज जाते हे मोजण्यासाठी ‘यू-मूल्य’ वापरतात. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ते हा आकडा सांगतो. तो जितका लहान, तितके छप्पर चांगले. पंधरा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर गळती थांबवण्यासाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा सुमारे दहा सेंटिमीटरचा कोबा, अशी मुंबई परिसरातली नेहमीची रचना घेतली, तर तिचे यू-मूल्य साधारण २.३ येते. २०१७च्या संहितेने बहुतेक व्यापारी इमारतींच्या छपरासाठी ठरवलेली कमाल मर्यादा ०.३३ आहे. म्हणजे नेहमीच्या गच्चीतून आत येणारी उष्णता संहितेला मान्य असलेल्या उष्णतेच्या सुमारे सातपट आहे.

हा फरक व्यवहारात काय अर्थ धारण करतो, ते एका ढोबळ उदाहरणाने दाखवता येते. बाहेरची हवा ३३ अंश सेल्सिअस असली, तरी कडक उन्हातल्या काळपट गच्चीवर उन्हाचा आणि हवेचा एकत्रित परिणाम सुमारे ६० अंशांच्या हवेइतका होतो. आतील तापमान २७ अंश ठेवायचे असेल आणि स्लॅबच्या उष्णता साठवण्याच्या गुणाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तर दर चौरस मीटरला सुमारे ७६ वॅट, म्हणजे २०० चौरस मीटरच्या गच्चीखाली सुमारे १५ किलोवॅट उष्णता खाली येते. वातानुकूलन यंत्रांच्या बाजारात ज्याला ‘एक टन’ म्हणतात, ती दर क्षणी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता होय. त्या मापाने केवळ छपराचा ताप काढून टाकण्यासाठी चार टनांहून अधिक क्षमता खर्ची पडते. तीच गच्ची पांढऱ्या परावर्तक लेपाने रंगवली, तर उन्हाचा परिणाम ४७ अंशांच्या आसपास उतरतो आणि ही गरज सुमारे अडीच टनांवर येते. लेप न देता कोब्यावर पाच सेंटिमीटर जाडीच्या, बंद पेशींच्या फेसाच्या उष्णतारोधक फळ्या बसवल्या, तर यू-मूल्य ०.५३ होऊन ती एका टनावर येते. आणि दोन्ही केले, तर एका टनापेक्षाही बरीच खाली जाते. संहितेचा ०.३३ हा आकडा गाठायचा असेल, तर याच फळ्यांची जाडी सुमारे नऊ सेंटिमीटर ठेवावी लागते.

येथे दोन बाबी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली अशी की पांढरा रंग म्हणजे कोणताही पांढरा रंग नव्हे. पृष्ठभागाने ऊन परत फेकले पाहिजे आणि जी उष्णता शोषली गेली तीही प्रारणाने आकाशाकडे सहज सोडली पाहिजे. म्हणूनच २०१७च्या संहितेने शीतल छपरासाठी परावर्तकता किमान ०.६ आणि उत्सर्जकता किमान ०.९ असावी असे सांगितले आहे. दुसरी बाब पावसाची आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात पांढऱ्या गच्चीवर शेवाळ धरते, उन्हाळ्यात तिच्यावर धूळ बसते आणि परावर्तकता घटते. त्यामुळे दरवर्षी पावसाळा संपल्यावर गच्ची घासून धुणे हाही सुधारणेचाच भाग समजला पाहिजे. चुन्याचा हात स्वस्त असतो, पण तो एका पावसाळ्यात वाहून जातो. फुटक्या पांढऱ्या लाद्यांची, ‘चायना मोझॅक’ या नावाने ओळखली जाणारी गच्ची मुंबईत अनेक दशके गळती थांबवण्यासाठी केली गेली, आणि तिने ऊन परतवण्याचे कामही निमूटपणे केले. तिची देखभाल न करता तिच्यावर काळा डांबरी थर चढवणे हा गळतीवरचा उपाय उष्णतेच्या दृष्टीने उलटा पडतो.

गळतीला कंटाळून अनेक संस्था गच्चीवर पत्र्याची शेड उभारतात. ही शेड चारही बाजूंनी मोकळी असेल आणि रीतसर परवानगीने, वाऱ्याचा जोर लक्षात घेऊन बांधलेली असेल, तर ती स्लॅबला ऊन लागू देत नाही आणि मधल्या हवेतून उष्णता वाहून जाते, म्हणजे ती दुहेरी छपराचे काम करते. तिच्या बाजू बंद करून तिथे माल साठवला, की तोच पत्रा आणि तीच कोंडलेली हवा स्लॅबला रात्रीही निवू देत नाहीत. उंचावर बसवलेले सौर पॅनेलही असेच सावलीचे काम करते आणि वर वीजही देते.

४. पत्र्याखालचा पोटमाळा

स्लॅबच्या इमारतीत उष्णता उशिरा पोहोचते. पत्र्याच्या गाळ्यात ती तत्काळ पोहोचते. पत्र्याला जाडी नाही, साठवणशक्ती नाही, आणि उन्हात तो सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. ६५ अंशांचा पत्रा ३५ अंशांच्या परिसराकडे दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट इतकी उष्णता निव्वळ प्रारणाने टाकतो. गाळ्याची जागा अपुरी पडते म्हणून लोखंडी कैच्यांवर फळ्या टाकून पोटमाळा केला जातो, आणि तिथे पॅकिंग, मोजणी, लेबल लावणे अशी कामे चालतात. ही कामे करणाऱ्या स्त्री-पुरुषांचे डोके पत्र्यापासून हात-दीड हातावर असते. पंखा हवेला हलवतो, पण प्रारणाला अडवत नाही; उलट छताखाली साचलेली तापलेली हवाच तो त्यांच्या अंगावर आणतो. औष्णिक सुधारणेच्या चर्चेत ज्यांचा विचार सर्वप्रथम व्हायला हवा, ती माणसे ही आहेत.

अशा गाळ्यांसाठी उपाय महाग नाहीत, मात्र ते योग्य क्रमाने व्हावे लागतात. पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला, गंज काढून, परावर्तक लेप देणे हा पहिला उपाय होय. वसईच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजत असल्यामुळे हा लेप पत्र्याचे आयुष्यही वाढवतो. दुसरा उपाय म्हणजे पत्र्याच्या खाली थोडी पोकळी सोडून ॲल्युमिनियमचा चकचकीत पापुद्रा असलेला थर ताणणे. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फारच कमी प्रारण करते, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये हवेची फट नसेल, तर हा गुण वाया जातो. तिसरा उपाय कण्यावर, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच रेषेवर, तापलेल्या हवेला वाट करून देणे हा आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते हे सर्वांना माहीत असते, परंतु वरून तितकीच हवा बाहेर पडण्यासाठी खालून तितकीच हवा आत येण्याची सोय लागते, याचा विसर पडतो. दारावरची झडप आणि मागच्या भिंतीतली जाळी बंद ठेवून छपरावर फिरते पंखे बसवले, तर त्यांचा उपयोग होत नाही.

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांनी हे सूत्र अनुभवातून साधले होते. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा निघून जात असे, पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नसे आणि छपराचा पुढे आलेला भाग पाऊस व सूर्य दोघांनाही दूर ठेवी. पत्र्याच्या गाळ्याने त्या घराचा उतार तेवढा घेतला. श्वास घेणारे छप्पर आणि सावली या दोन्ही गोष्टी मागे राहिल्या.

भांड्यांच्या उद्योगात आतल्या उष्णतेचा प्रश्नही तितकाच मोठा असतो. पत्र्याच्या चकतीला साच्यात दाबून खोलगट आकार देताना स्टेनलेस स्टील कडक होते, आणि पुढचा आकार देण्यापूर्वी त्याला पुन्हा नरम करण्यासाठी १,००० अंशांहून अधिक तापवावे लागते. अशा भट्टीची उष्णता संपूर्ण गाळ्यात पसरू देऊन मग ती पंख्याने बाहेर काढण्यापेक्षा भट्टीवरच झाकण आणि धुराडे बसवून ती उगमाशीच पकडणे कितीतरी पटीने परिणामकारक असते. जिथे भट्टी, ठिणग्या किंवा पॉलिशची ज्वालाग्राही धूळ आहे, तिथे थर्मोकोल किंवा तत्सम फेसाचे उघडे थर लावणे धोक्याचे आहे. तिथे न जळणारी खनिज लोकर वापरावी, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याच्या अपेक्षा आधी तपासाव्यात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरून तो कापणे, घासणे किंवा त्याला भोके पाडणे टाळावे आणि त्याच्या वर स्वतंत्र सांगाड्यावर दुसरे छप्पर घ्यावे.

५. दमट हवेचे वेगळे गणित

भारतीय मानकांनी देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. त्यांत मुंबई आणि तिचा परिसर उष्ण-दमट विभागात मोडतो. या विभागात तापमान विदर्भाइतके चढत नाही, परंतु घामाचे बाष्पीभवन मंदावल्यामुळे शरीराचा स्वतःला निववण्याचा मार्गच अडतो. म्हणून येथे वाहती हवा हा चैनीचा विषय राहत नाही. अंगावरून सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी हवा दोन-तीन अंश कमी तापमानाचा अनुभव देते, आणि नव्या प्रकारच्या मोटरचे पंखे जुन्या पंख्यांच्या निम्म्याहून कमी विजेत हे काम करतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील अभ्यासकांनी भारतीय कार्यालयांतील पाहण्यांवरून जे आरामविषयक सूत्र मांडले, त्यानुसार बाहेरचे सरासरी तापमान २९ अंश असताना नैसर्गिक हवेच्या कार्यालयात माणसांना सुमारे २८.५ अंश सुखद वाटू शकतात. याचा अर्थ असा की, छपराचा ताप अडवला आणि हवा खेळती ठेवली, तर वर्षातले अनेक महिने वातानुकूलनाशिवाय काम करणे शक्य असते.

जेथे वातानुकूलन आवश्यकच आहे, तेथे दमटपणामुळे आणखी एक नियम लागू होतो. पावसाळ्यात ३२ अंश तापमानाच्या आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २७ अंश असतो. अशी हवा भिंतीच्या किंवा छपराच्या थरांतून आत झिरपून २४ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली, की तिथे पाणी सुटते, बुरशी धरते आणि उष्णतारोधक थर भिजून निकामी होतो. थंड देशांत दमट हवा घराच्या आत असते, म्हणून तेथे वाफरोधक पापुद्रा आतल्या बाजूला बसवतात. आपल्याकडे वर्षभर थंड ठेवलेल्या दालनात तो बाहेरच्या बाजूला असावा लागतो. परदेशी पुस्तिकेतला आराखडा जसाच्या तसा उचलला, तर भिंतीच्या आत पाण्याचा सापळा तयार होतो. शटर सताड उघडे ठेवून एसी चालवणाऱ्या दुकानातही हीच चूक वेगळ्या रूपाने घडते: हवेतल्या वाफेचे पाणी करताना तिचा अप्रकट उष्मा, म्हणजे वाफेत दडलेली उष्णता, यंत्राला काढावा लागतो, आणि बरीचशी वीज रस्त्यावरची हवा सुकवण्यात जाते. आपोआप मिटणारे काचेचे दार हा अशा दुकानासाठी सर्वांत किफायतशीर सुधारणा आहे.

काचेच्या दर्शनी भागांविषयी २०१७ची संहिता स्पष्ट आहे: उष्ण-दमट विभागात उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेने उन्हातल्या उष्णतेचा ०.२७पेक्षा अधिक भाग आत येऊ देऊ नये. जुनी काच बदलणे परवडत नसेल, तर तिच्या बाहेरच्या बाजूला छज्जा, झडप किंवा जाळी लावावी. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता काचेच्या आत येऊन गेलेली असते.

६. दोन उदाहरणांचा बोध

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली पूर्ण झाली आणि २००९ नंतर तिची ऊर्जाविषयक सुधारणा हाती घेण्यात आली. तिच्या ६,५१४ खिडक्या फेकून न देता त्याच इमारतीत कार्यशाळा उभारून त्यांच्या काचा पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यांच्यामध्ये रोधक पापुद्रा बसवला गेला. ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्या प्रकल्पाचा खरा धडा क्रमाचा आहे: इमारतीत येणारा भार आधी कमी केल्यामुळे शीतकरण संयंत्र मोठे करण्याची गरज उरली नाही आणि तो वाचलेला खर्च इतर सुधारणांना उपयोगी पडला. तेथे आरंभ खिडक्यांपासून झाला, कारण तो उंच मनोरा थंड हवामानातही उभा आहे. केबिन रोडवरच्या बैठ्या इमारतीत हाच विचार छपरापाशी नेतो.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. फोर्टमधील १९७२ साली बांधलेल्या गोदरेज भवनाची २०१० साली सुधारणा झाली. जुनी मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा बदलली गेली, दिवे कमी विजेचे झाले, गच्चीवर हिरवळ आली, आणि या कामात घातलेला पैसा वीजबचतीतून पाच वर्षांच्या आत वसूल होईल असे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. जुनी इमारत पाडल्यावाचून सुधारता येते, याचा हा मुंबईच्याच हवेतला पुरावा आहे. परंतु ती एका मालकाची इमारत होती. निर्णय घेणारा, पैसा घालणारा आणि वीजबिल भरणारा एकच होता. केबिन रोडवर हे तिघे वेगवेगळे असतात, आणि तंत्रज्ञान उपलब्ध असूनही सुधारणा का होत नाही, याचे मुख्य कारण येथेच सापडते.

७. सामायिक छपराचा पेच

औद्योगिक गाळ्यांच्या इमारती बहुधा सहकारी संस्थेच्या स्वरूपात चालतात. गाळा सभासदाचा असतो, पण गच्ची, बाहेरच्या भिंती आणि जिने संस्थेचे असतात. अनेक गाळे अल्प मुदतीच्या भाडेकरारावर दिलेले असतात. भाडेकरू वीजबिल भरतो, पण उद्या सोडून जायच्या जागेच्या छपरावर तो खर्च करीत नाही, आणि मालकाला बिल येत नसल्यामुळे त्याला छपराची निकड वाटत नाही. संस्थेच्या सभेत वरच्या मजल्यावरचा सभासद गच्चीच्या उष्णतारोधनाचा प्रस्ताव मांडतो, तेव्हा तळमजल्याचे सभासद विचारतात की त्यांच्या वर्गणीतून इतरांचा गारवा का विकत घ्यायचा. ज्यांना ताप सर्वाधिक सोसावा लागतो, त्या कामगारांना तर या सभेत मतच नसते.

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते काँक्रीटच्या स्वभावात आहे. काँक्रीट तापले की पसरते आणि निवले की आकसते. ३० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटरने वाढू पाहते. खालच्या भिंती आणि तुळया त्याला तेवढी मोकळीक देत नाहीत. उन्हाळ्यातल्या प्रत्येक दिवशी हा ताण येतो आणि जातो, त्यातून बारीक भेगा पडतात, पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी उतरते, खाऱ्या हवेतले क्षार त्याबरोबर सळ्यांपर्यंत पोहोचतात, सळ्या गंजून फुगतात आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. गच्चीवर ऊन अडवणारा थर असेल, तर स्लॅबचे तापमान दिवसभर जवळजवळ स्थिर राहते आणि ही साखळी आरंभीच सैल होते. म्हणून गच्चीचे उष्णतारोधन वरच्या मजल्याला गारवा देते आणि त्याच वेळी तळमजल्यासकट संपूर्ण इमारतीचे आयुष्य वाढवते. जी दुरुस्ती सर्वांच्या मालमत्तेचे रक्षण करते, तिच्यासाठी दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड वापरणे सर्वथा न्याय्य आहे.

८. कायद्याने केव्हाच दिलेली दिशा

कामाच्या जागी उष्णता कमी राखणे ही अलीकडच्या पर्यावरणवाद्यांची मागणी आहे, असा समज असेल तर तो दूर व्हायला हवा. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या तेराव्या कलमाने खेळत्या हवेची आणि सुसह्य तापमानाची सोय बंधनकारक केली, आणि भिंती व छपरे अशा सामग्रीची व रचनेची असावीत की तापमान शक्य तितके कमी राहील, असेही त्याच कलमात नमूद केले. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात देशाने छपराला कामगाराच्या आरोग्याच्या प्रश्नात स्थान दिले होते. परंतु विजेवर चालणाऱ्या आणि किमान दहा कामगार असलेल्या जागांनाच तो अधिनियम मुळात सर्वसाधारणपणे लागू होता; त्यामुळे चार-सहा माणसांचे गाळे या तरतुदीच्या बाहेर राहिले.

महापालिकांविषयीच्या राज्याच्या अधिनियमातील कलम २६५अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. मिरा-भाईंदरमध्ये ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती आता या वयाला पोहोचल्या आहेत किंवा पोहोचत आहेत. ही तपासणी होते, तिच्यामागून दुरुस्ती येते, गच्चीवर परांची चढते, जुना कोबा निघतो आणि नवे वॉटरप्रूफिंग होते. उष्णतारोधनात मोठा खर्च मजुरीचा आणि गच्ची उघडण्याचा असतो. तो या वेळी आधीच होत असतो. त्यामुळे अशा प्रत्येक दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात रोधक थर आणि परावर्तक पृष्ठभाग या दोन बाबी समाविष्ट असाव्यात, असा आग्रह संरचना अभियंत्यांनी धरला आणि महापालिकेने त्याला मालमत्ता करातील सवलतीची जोड दिली, तर वेगळी मोहीम न काढताही दरवर्षी काही छपरे निवू लागतील. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने ऊर्जा लेखापरीक्षणाला आजवर जे प्रोत्साहन दिले, त्याचा लाभ एकेका मोठ्या उद्योगाबरोबर गाळ्यांच्या संपूर्ण वसाहतीला एक घटक मानून मिळाला पाहिजे.

९. कामाचा क्रम

कोणत्याही वसाहतीने पहिल्या उन्हाळ्यात केवळ मोजणी करावी: छपराच्या खालच्या पृष्ठभागाचे, पोटमाळ्यावरच्या हवेचे आणि बाहेरच्या सावलीतले तापमान व आर्द्रता दिवसातून तीन वेळा नोंदवावी आणि मागील वर्षाची वीजबिले एकत्र करावीत. त्यानंतर गळती थांबवावी, कारण ओल्या छपरावरचे उष्णतारोधन टिकत नाही. मग परावर्तक पृष्ठभाग, मग रोधक थर, मग हवेच्या वाटा, मग पश्चिमेच्या काचांना बाहेरून सावली, आणि या सर्वांनंतर पंखे व वातानुकूलन यंत्रे यांचा विचार करावा. भार घटल्यावर घेतलेले यंत्र लहान असते, कमी वीज खाते आणि गल्लीत कमी ताप ओकते. एसी आतली उष्णता आणि स्वतःला लागलेली वीज अशा दोहोंचा ताप बाहेर टाकत असल्यामुळे अरुंद रस्त्यावर एकाचा गारवा हा शेजाऱ्याचा उन्हाळा होतो. क्रम उलटा केला, आधी यंत्र आणि मग छप्पर, तर मोठ्या यंत्राचे हप्ते फेडताना छपरासाठी पैसा उरत नाही, आणि बहुतेक ठिकाणी आज हेच घडत आहे.

शहरे गरम होत जातील, याबद्दल आता शास्त्रज्ञांत दुमत नाही. त्या वाढत्या तापाची वाटणी कशी व्हावी, हे मात्र अजून माणसांच्या हातात आहे. ज्याला परवडते त्याने एसी लावावा आणि ज्याला परवडत नाही त्याने पत्र्याखाली सोसावे, ही एक वाटणी झाली. छप्पर सर्वांचे मानून त्याचा ताप सर्वांनी मिळून कमी करावा, ही दुसरी वाटणी होय. तिला लागणारे ज्ञान उपलब्ध आहे, साहित्य बाजारात मिळते, कारागीर भाईंदरमध्येच आहेत, आणि सभा बोलावून ठराव मांडण्याची सहकाराची पद्धत महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. केबिन रोडवरच्या एखाद्या गाळेधारक संस्थेने येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर गच्चीचे उष्णतारोधन हा विषय घ्यावा, त्या सभेला पोटमाळ्यावर काम करणाऱ्यांपैकी काहींना निमंत्रित करून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे आणि मग खर्चाचा आकडा पाहावा. या क्रमाने घेतलेला निर्णय बहुधा योग्यच असेल.